भाऊंच्या डोक्याचं माप

भाऊ खांबेट्यांचा मेंदू मुलुंडला लहान भरतो आणि बोरिवलीला मोठा, ही बातमी आमच्या सोसायटीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. पसरवली अर्थात भाऊंनीच. खाली बाकावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बोरिवलीची हवाच चांगली. नॅशनल पार्क शेजारी आहे ना." कुणीतरी त्यांना घर विकून तिकडेच जायचा सल्ला दिला. दुसरा म्हणाला, "भाऊ, मग बँकेच्या कागदांवर सह्या बोरिवलीला जाऊनच करत जा." सगळे खिदळत होते. मला मात्र अजिबात हसू येत नव्हतं, कारण ज्या मशीनमध्ये भाऊंचा मेंदू लहान भरत होता ते मशीन माझ्या ताब्यात होतं.

मी गंधाली. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात एमआरआय विभाग सांभाळते. लोक म्हणतात मी रागीट आहे. मी रागीट नाही, लोक चुका करतात.

आमच्याकडे स्मृतिभ्रंशावर एक मोठा अभ्यास चालू आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली अशी चार केंद्रं. वयस्क माणसांच्या मेंदूचा दरवर्षी फोटो काढायचा आणि वर्षभरात तो किती आक्रसला ते मोजायचं. हे आक्रसणं असतं नखाएवढं, आणि आमची मशिनं मात्र चार कंपन्यांची, चार वयांची, चार स्वभावांची. एकाच डोक्याला एक मशीन अमुक म्हणालं आणि दुसरं तमुक, तर त्यात आजार किती आणि मशीनचा हेका किती, हे कळणार कसं? म्हणून चारही मशिनं एका मापात आणायची होती. ते काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी आम्ही गोळा फिरवला. डोक्याएवढा, आत द्रव भरलेला, प्लास्टिकचा. तो चारही ठिकाणी शहाण्या मुलासारखा सारखा भरला. पण आमचे मुख्य डॉक्टर चंद्रप्रकाश अंधेरीला बसतात आणि त्यांचं एवढ्यावर समाधान होत नाही. "गोळा म्हणजे डोकं नव्हे," ते म्हणाले. एक खरं, धडधाकट डोकं प्रत्येक केंद्रावर तीन-तीनदा तपासा. ज्या केंद्राचं माप बाकीच्यांशी जुळणार नाही ते अभ्यासातून बाद, आणि तिथल्या पेशंटनी पुढे अंधेरीला यायचं.

डोकं दिलं भाऊंनी. भाऊ आमच्याच मजल्यावर राहतात. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा, आणि मुलुंडच्या बाजारातले जुने दुकानदार अजूनही त्यांना बघून उगाचच तराजू पुसतात. मी विचारलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे मी प्रमाणित वजन! आम्ही ती पितळी वजनं मखमलीच्या पेटीतून न्यायचो गं. मला पेटी नको, तुझी गाडी चालेल."

पण डोकं द्यायचं खरं कारण प्रेमाकाकू होत्या. काकू म्हणजे भाऊंची बायको. दोन वर्षांपूर्वी त्या दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवू लागल्या, आणि एकदा मला "तुझी आई बरी आहे ना?" असं एका दमात तीनदा विचारलं. तेव्हापासून त्या आमच्या अभ्यासात आहेत. आमच्या मशीनमध्ये त्या मजेत झोपतात, कारण आमचा टेक्निशियन निमेश माइकवरून सांगतो, "काकू, कुकर लावला हां, शिट्ट्या मोजा." आमचं जुनं मशीन खरंच तसलेच आवाज काढतं. काकू शिट्ट्या मोजतात आणि बाहेर आल्यावर त्याच्यावर डाफरतात, "एवढ्या शिट्ट्या? भाताचा चिखल झाला असेल, मेल्या!" निमेशला त्या बहुतेक शेजारचा कुणीतरी समजतात. त्याचीही काही हरकत नाही.

एकदाच, आमचं मशीन बंद होतं म्हणून, त्यांना अंधेरीला नेलं होतं. तिथलं मशीन कोरं करकरीत, कानात गाणी लावतात, छताला निळं आकाश. काकू रडत बाहेर आल्या आणि भाऊ चपला घालेपर्यंत गेटबाहेर निघून गेल्या. सापडल्या त्या रिक्षावाल्यांशी भांडताना. मुलुंडला कुणी यायला तयार नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. म्हणून मुलुंड बाद होणं म्हणजे काकूंचं सगळंच बंद होणं होतं. शिट्ट्या बंद, आणि त्यांच्याशी तासभर न कंटाळता बोलणारी आमची डॉक्टरही बंद. "गंधाली, मुलुंड राहिलं पाहिजे बघ," भाऊ मला जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्यापाशी, भेटू तिथे सांगायचे.

फेऱ्या मात्र झकास झाल्या. मी गाडी चालवायची आणि भाऊंनी खायचं. घाटकोपरला स्कॅन दुपारी चारला असला की दोनलाच खाऊगल्लीत डोसा आणि वर ताक. बोरिवलीला थालीपीठ आणि दोन ग्लास कोकम. आरेतून अंधेरीला जाताना तबेल्यांचा वास आला की भाऊ काच खाली करून म्हणायचे, "अहाहा, दुधात पाणी किती घालतात ते इथे कळायचं." आणि अंधेरीला पोचल्यावर उसाचा रस, बिनबर्फाचा, पूर्ण ग्लास भरून घेतलाय ना ते डोळ्यांच्या पातळीवर धरून तपासलेला. मुलुंडच्या तारखा मी त्यांच्यावरच सोडल्या होत्या. घरापासून दहा मिनिटांवर तर हॉस्पिटल, कधीही या. ते आपले दिवस सांगायचे, मी मशीन रिकामं ठेवायचे.

आणि आकडे आले. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली एका रांगेत, म्हणजे बोरिवली किंचित पुढे, पण चालण्यासारखं. मुलुंड तिन्ही वेळा खाली. मेंदू लहान आणि त्याच्या मधल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या. भाऊंना काही होतंय म्हणावं, तर पुढच्याच आठवड्यात घाटकोपरला तोच मेंदू टुणटुणीत.

माझा पारा चढला. मी निमेशला धरलं. निमेश शहा आमच्याकडे माझ्याही आधीपासून आहे.

"उशी कुठली घातलीस?"

"तीच मॅडम, जी सगळ्यांना घालतो."

"डोकं तिरकं ठेवलंस?"

"मॅडम, गोळा तर बरोबर येतो ना? मी गोळ्याला सरळ ठेवतो आणि भाऊंना तिरकं, असं का करू यार?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी इंजिनियर बोलावला. त्याने मशीनचं पोट उघडलं, बंद केलं आणि चहा पिऊन सांगितलं की सगळं ठीक आहे. मी गोळा पुन्हा घातला. गोळा बरोबर. भाऊ चूक. आता डोकं आपटायचं तरी कुठल्या मशीनवर?

चंद्रप्रकाशांचा फोन आला. "गंधाली, मशीन जुनं झालंय, मान्य करून टाक. काही लाज नाही त्यात." मी म्हटलं, "सर, जुनी मीही झालेय, मला कुठे बाद करताय?" ते हसले आणि त्यांनी एक शेवटची संधी दिली. ते स्वतः येणार, समोर बसणार, भाऊंचा एकच स्कॅन. जुळला तर मुलुंड राहील, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सगळे अंधेरीला. दिवस त्यांनीच ठरवला, मंगळवार, दुपारी चार. मी भाऊंना सांगितलं तेव्हा ते एकदम म्हणाले, "मंगळवार? वा, वा! झालंच समज काम." मला वाटलं, माणूस आशावादी आहे.

त्या दिवशी मी भाऊंना दीडलाच बोलावलं. डोकं कसं ठेवायचं त्याची तालीम करून घ्यावी म्हटलं. काकूंना घरी एकटं सोडता येत नाही, म्हणून त्याही आल्या, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. दोघं घामाघूम. मी लिंबू सरबत मागवलं. काकूंनी घेतलं. भाऊंनी हात जोडले.

"नको. घरी जाऊन घेईन."

"अहो, चार वाजता स्कॅन. घरी कधी जाणार?"

"मला तहान नाहीये."

हे बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटत होती. ओठ पापडासारखे. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि डोळ्यांसमोर ते ताक आलं, ते कोकम आलं, तो तपासून घेतलेला उसाचा रस आला. मुलुंडला भाऊंना काही पिताना मी एकदाही बघितलं नव्हतं. घर जवळ आहे म्हणून, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात माझी नजर दारातून रिसेप्शनवरच्या गणपतीकडे गेली. त्याच्यापुढे दुर्वांचा ढीग होता आणि लाल फुलांचा हार नाकापर्यंत आला होता.

"भाऊ, आज काय आहे?"

"मंगळवार."

"मंगळवार आणि काय?"

मापात मारताना पकडलेला दुकानदार बघतो तसे भाऊ पंख्याकडे बघू लागले. "अंगारकी," ते हळूच म्हणाले.

"आणि मुलुंडच्या आधीच्या तिन्ही तारखा?"

"संकष्टीच. मुद्दाम सांगितल्या होत्या मी. चांगलं काम चांगल्या दिवशी केलेलं बरं. शिवाय मी बोललोय ना गणपतीला. मुलुंडचा आकडा जुळू दे म्हणून."

"उपास निर्जळी?"

"चंद्र दिसेपर्यंत. पाण्याचा थेंब नाही," भाऊ म्हणाले, आणि आवाजात थोडा अभिमान होता.

मी खुर्चीतून उठले. पुढचं मी जरा मोठ्याने बोलले असेन, कारण बाहेरची नर्स डोकावून गेली. "भाऊ, गोळा उपास करत नाही! म्हणून गोळा बरोबर येतो! माणूस आदल्या रात्रीपासून पाण्याशिवाय राहिला की मेंदूही सुकतो, थोडासाच सुकतो, पण आम्ही थोडंसंच तर मोजतो! तिकडे ताक पिऊन जाता आणि माझ्याकडे कोरडे येता! मी त्या बिचाऱ्या निमेशचं डोकं खाल्लं, मशीन खोलायला लावलं!"

निमेश कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. त्याचा चेहराच पुरेसा होता.

भाऊंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते मटकन बसले. "म्हणजे मुलुंड टिकावं म्हणून मी..."

"तुम्हीच वाट लावली मुलुंडची. भाऊ, प्रमाणित वजन कुणी कानशीने घासून आणलं तर तुम्ही काय करायचात?"

"जप्त करायचो. खटला भरायचो."

"मग? स्वतःच घासून आणलंत की वजन. आता अजून वेळ आहे. चारपर्यंत पोटभर पाणी प्या, मेंदू पुन्हा जागेवर येईल."

मला वाटलं, झालं. माणूस हुशार, पटलेलं दिसत होतं. पण भाऊंनी मान हलवली. "नाही गं. आज नाही. दुसरा काही दिवस मागून घे."

"दुसरा दिवस नाहीये!"

"मग नसू दे." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुला माहीत आहे, मी असलं काही करत नव्हतो. उलट चेष्टा करायचो. व्रत तिचं आहे. लग्न झाल्यापासून एक संकष्टी चुकली नाही तिची, बाळंतपणातसुद्धा. गेल्या वर्षी एका संकष्टीला उठली आणि कांदेपोहे करून खायला बसली. मी म्हटलं, अगं आज... तर माझ्याकडे बघत राहिली. काही आठवेचना तिला. मग मी पोहे खाऊ दिले, आणि त्या दिवसापासून मी धरला उपास. तिचं राहिलेलं कुणीतरी चालवायला नको का? ते मी आकड्यासाठी मोडू?"

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला आणखी राग येतो. "अहो, पण अंगारकी मोडली म्हणून गणपती रागावणार आहे का? काकूंना अंधेरीला नेलंत तर..."

"अंगारकी?" काकू म्हणाल्या.

आम्ही दोघं त्यांच्याकडे वळलो. त्या इतका वेळ बाटलीच्या झाकणाशी चाळा करत बसल्या होत्या. आता ताठ बसल्या होत्या.

"आज अंगारकी आहे?"

"हो गं," भाऊ म्हणाले.

"मग तुम्ही का तोंड सुकवून बसलात? उपास माझा असतो ना?" हा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. पूर्वी याच आवाजात त्या अख्ख्या जिन्याला पाणी जपून वापरायला सांगायच्या. "चहा मिळाला नाही तर डोळे उघडत नाहीत तुमचे, आणि निघाले निर्जळी करायला! कुणी सांगितलं होतं? उद्या पित्त झालं की पुन्हा मीच निस्तरायचं. व्रत माझं आहे. मी धरलंय. तुम्ही पाणी प्या बघू."

सकाळी काकूंनी दोन वाट्या उपमा खाल्ला होता, हे भाऊंना माहीत होतं. माझ्यासमोर त्यांनी लिंबू सरबत संपवलं होतं, तो ग्लास टेबलावरच होता. निमेशने तो हळूच उचलला आणि पाठीमागे धरला.

"अगं, पण..."

"पण नाही आणि बिण नाही." काकूंनी झाकण फिरवून बाटली त्यांच्यापुढे धरली.

भाऊंनी बाटली घेतली. ते प्यायले. गटागटा, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत. बोलणी खाऊन इतका खूश झालेला नवरा मी दुसरा बघितलेला नाही. बाटली संपली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मेंदूच्या दृष्टीने ते पाणी फुकट जात होतं. मीही तेच फुकट घालवत होते.

चारपर्यंत आम्ही त्यांना आणखी दोन बाटल्या पाजल्या, सरबत पाजलं, दोनदा बाथरूमला पाठवलं. चंद्रप्रकाश आले. मी त्यांना सगळं सांगितलं. अर्ध्यात ते हसायला लागले आणि मग एकदम गंभीर झाले. "म्हणजे आपण सगळ्यांना विचारलं, अंगावर धातू आहे का, पेसमेकर आहे का, बंद जागेची भीती वाटते का. आणि मुंबईत राहून एकालाही विचारलं नाही, की आज उपास आहे का?"

"घाटकोपरला पर्युषण, बोरिवलीला श्रावणी सोमवार, तुमच्या अंधेरीला रोजे," मी म्हटलं. "सर, या शहरात कुठल्याही दिवशी कुणीतरी उपाशी असतंच." त्यांनी मुलुंडचे आधीचे तिन्ही आकडे रद्द केले.

भाऊ मशीनमध्ये गेले. निमेशने डोकं ठेवलं, उशी तीच. मी काचेमागे उभी होते. त्या वेळी मी काय केलं ते कुणाला सांगायचं नाही, पण दारातून तो लाल हारवाला दिसत होता आणि मी त्याच्याशी थोडं बोलून घेतलं. मशीनने ठोकलं, फुत्कारलं, शिट्ट्या दिल्या. मग कॉम्प्युटर बसला गणित करत, आणि आम्ही त्याच्याकडे बघत.

आकडा आला. घाटकोपर आणि अंधेरीच्या बरोबर मधे. चंद्रप्रकाश चष्मा काढून म्हणाले, "मुलुंड राहिलं. मशीन जुनं आहे, पण ठीक आहे." मी निमेशची माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, लिहून द्या." अर्थात मी दिलं नाही.

मी भाऊंना सांगायला बाहेर धावले. ते आधीच काकूंना शोधत पॅसेजमध्ये आले होते. ऊन अजून खिडकीतून लख्ख आत येत होतं. बाकावर काकू बसल्या होत्या, हातात चहाचा कप, आणि नर्सनं दिलेली खारी त्यात बुडवून निवांत खात होत्या. पदरावर चुरा. आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"या ना. घ्या खारी. चांगली आहे ताजी."

भाऊ उभे राहिले. मी पण. मघाचा तो आवाज गेला होता. कुठे गेला ते आमचं मशीन दाखवत नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "जुळला. मुलुंड राहिलं. काकू इथेच येणार."

त्यांनी ऐकलं. मान डोलावली. मग ते काकूंच्या शेजारी बसले, त्यांच्या पदरावरचा चुरा झटकला आणि त्यांनी पुढे केलेली खारी घेतली.

माझ्यामागून निमेश आला. शहाणपणा वेळेवर सुचेल तर तो निमेश कसला. "अरे भाऊ, खाता? अजून चंद्र कुठे उगवला?"

भाऊंनी खारी काकूंच्या कपात बुडवली.

"आमच्याकडे उगवला," ते म्हणाले.